हजारात एखादं

मंजुळा जाधवच्या वरच्या ओठावर डाव्या बाजूला एक बारीक रेघ आहे, नाकपुडीपासून खाली उतरलेली. ती कसली म्हणून कुणी विचारलं की मंजुळा समोरच्याचं तोंड बघून उत्तर देते. एका रिक्षावाल्याला तिने सांगितलं होतं की मुरबाडच्या जंगलात बिबट्याने पंजा मारला. भाजीवालीला सांगितलं की लहानपणी सोड्याची बाटली फुटली. एका लग्नात सासरकडच्या एका आगाऊ बाईला तिने अगदी हळू आवाजात सांगितलं की एकदा अशाच एका बाईला उत्तर द्यायचं तोंडावर आलेलं, ते दाबून धरताना स्वतःचाच ओठ चावला गेला. ती बाई पुढे जेवणाच्या पंगतीतही तिच्या शेजारी बसली नाही.

खरी गोष्ट साधी होती. मंजुळा जन्मली तीच दुभंगलेला ओठ घेऊन. वडील बाबुराव शहाडच्या कारखान्यात कामाला होते. मुलीला शाळेत पोरं फाटकी म्हणतात, हे त्यांना कळलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यानंतर दोन वर्षं ते दिसेल त्या डॉक्टरला विचारत हिंडले, आणि ती अकरा वर्षांची असताना ठाण्यात भरलेल्या एका मोफत शिबिरात तिचा ओठ शिवून आणला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की असं मूल हजारात एखादं जन्मतं. बाबुरावांनी घरी येऊन ते अशा थाटात सांगितलं, की शहाडात हजार पोरं जन्मली तर त्यात तुझ्यासारखी तूच. मंजुळाला वाटलं की आपला नंबर आलाय. पुढच्या वेळी वर्गात एकाने फाटकी म्हटलं तेव्हा तिने त्याला विचारलं, तू हजारात कितवा?

लग्न होऊन ती आंबिवलीला आली. नवरा महेंद्र इलेक्ट्रिशियन, शांत माणूस. पहिल्या बाळंतपणाआधी ग्रहण लागलं तेव्हा शेजारणींनी तिला खोलीत बसवायचं ठरवलं. मंजुळाने दारात विळी मांडून पाच किलो कांदे चिरले आणि अख्ख्या चाळीला कांदाभजी खिलवली. भजी सगळ्यांनी खाल्ली. मात्र मूल झालं तेव्हा तिने मुलगा की मुलगी हे विचारलं नाही. ओठ कसाय, एवढंच विचारलं. नर्सला आधी प्रश्नच कळला नाही. ओठ छान होता. ही गोष्ट मंजुळाने महेंद्रशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

अकरा वर्षांपूर्वी ती आशा कार्यकर्ती झाली. घरोघर जायचं, गरोदर बायकांची नोंद करायची, जन्मलेल्या बाळांची वजनं घ्यायची, लसींच्या तारखा डोक्यात बसवायच्या. प्रशिक्षणात एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दुभंगलेला ओठ किंवा टाळू हा जन्मतःच्या दोषांतला नेहमी आढळणारा दोष आहे. कुठे हजारात एक, कुठे सातशेतच एक. हे ऐकून मंजुळाला आपला हुद्दा थोडा खाली आल्यासारखं वाटलं. पण तिने तिथल्या तिथे वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. तिच्या भागात वर्षाला चाळीसेक बाळं जन्मतात. म्हणजे तिच्या वाट्याला असं एक मूल यायला वीस-पंचवीस वर्षं लागणार. दुसरीकडे कल्याण-डोंबिवलीत पंधरा-वीस लाख माणसं राहतात. म्हणजे इथे तिच्यासारखी दीड-दोन हजार तरी असायला हवीत. मग ती आहेत कुठे?

तेव्हापासून तिला लोकांचे वरचे ओठ बघायची खोड लागली. ठाकुर्लीचा एक मेडिकलवाला तिला सापडला, कल्याणच्या बाजारात एक बांगडीवाली सापडली. तिला पाहून मंजुळा नुसती हसली, बांगडीवालीही हसली आणि डझनावर दोन बांगड्या जास्त घातल्या. बाकीचे काही केल्या सापडेनात. शेवटी मंजुळाने निष्कर्ष काढला की उरलेले बरेचसे मिशीखाली असणार. हा निष्कर्ष तिने महेंद्रला सांगितला. महेंद्रने दुसऱ्या दिवशी आपली मिशी जरा बारीक केली.

समृद्धी गायकरची नोंद मंजुळाकडेच झाली होती. गायकर तिथले मूळचे आगरी. पूर्वी भातशेती आणि खाडीकडे मिठागरात काम. आता जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि गायकरांचा तीन मजली बंगला झाला. घरात सासरा धाकू, सासू सखुबाई, मुलगा दिपेश आणि सून समृद्धी. दिपेशचा रेती-सिमेंटचा धंदा, त्यामुळे तो घरी असला तरी फोनवरच असे. धाकू तर बोलतच नसे. ओटीवर खुर्ची टाकून बसायचा, भरघोस मिशीवरून हात फिरवायचा, मान हलवायची. त्याच्या वाट्याचं सगळं सखुबाई बोलत असे, आणि ते तिला कमीच पडे.

नोव्हेंबरात समृद्धी बाळंत झाली. मंजुळा वजनकाटा घेऊन गेली तर सखुबाईने फाटकातूनच सांगितलं की पोरगी माहेरी गेली, भिवंडीकडे. चार दिवसांनी मंजुळा परत गेली, तेव्हाही समृद्धी माहेरीच होती. पण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोरीवर लंगोट वाळत होते, ओळीने अकरा.

तिसऱ्या खेपेला मंजुळा बाळाबद्दल काही बोललीच नाही. गंभीर चेहरा करून म्हणाली की डेंग्यूचं सर्वेक्षण चालू आहे, घरातलं साचलेलं पाणी तपासायचंय. सखुबाईला डासांची धास्ती होती. तिने आत घेतलं. मंजुळाने आधी अंगणातल्या कुंड्या पाहिल्या, मग फ्रीजच्या मागचा ट्रे ओढून पाहिला, त्यात खरोखरच अळ्या निघाल्या. सखुबाई हादरली. आता वरच्या मजल्यावरचे एसी बघायला हवेत, मंजुळा म्हणाली, आणि सखुबाई ट्रे धुवायला वळली तशी ही जिना चढून गेली.

समृद्धी खिडकीपाशी पलंगावर बसली होती. मांडीवर बारा दिवसांची मुलगी. डावीकडून ओठ नाकापर्यंत उघडा, आत टाळूही फाटलेला. आडवी धरून समृद्धी तिला पाजत होती आणि दूध नाकातून परत येत होतं. मंजुळाला पाहून तिने पदर बाळाच्या तोंडावर ओढला.

अकरा वर्षं मंजुळा याच मुलाची वाट बघत होती असं म्हटलं तर चुकीचं होईल. पण वहीच्या मागच्या पानावरचं ते एक मूल आता समोर होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि बोट स्वतःच्या ओठावरच्या रेघेवर ठेवलं.

"हे काय आहे, विचार ना मला," ती म्हणाली.

समृद्धीने ती रेघ पाहिली, मग पदर बाजूला करून बाळाचा ओठ पाहिला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. मग ती रडायला लागली, आणि मंजुळाने तिला रडू दिलं, कारण बाळाला उपाशी ठेवून रडणं फार वेळ चालणार नव्हतं. त्या दिवशी आपल्या ओठाची खरी हकिगत तिने सांगितली, बिबट्या-बाटली काही न लावता. मग बाळाला उभं धरायला शिकवलं. दूध वाटीत काढायचं, डोकं वर ठेवायचं, चमच्याने गालाच्या बाजूने थेंबथेंब सोडायचं, घाई करायची नाही, मधेमधे ढेकर काढायचा. अर्धी वाटी दूध पोटात गेलं आणि पोरगी झोपली. जन्मल्यापासून पहिल्यांदाच ती अशी गाढ झोपलीय, समृद्धी म्हणाली.

तेवढ्यात सखुबाई दारात उभी राहिली. मंजुळाने आधीच तोंड उघडलं आणि एसीत अळ्या नाहीत, असं सांगून टाकलं.

सखुबाईने मग जे सुनावलं त्याचा मतलब असा, की अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी चंद्रग्रहण होतं. दुपारपासून वेध लागलेले. आणि ही पोटुशी पोरगी मोरलीवर, म्हणजे विळीवर, बसून म्हावरं कापत होती. डॉक्टर काय वाटेल ते कागद देतात, पण हे गिराण लागलेलं मूल आहे आणि ते चार लोकांत दाखवायचं नाही.

"आमचे घरान असा कवाच झाला नाय," ती म्हणाली.

समृद्धी खाली मान घालून बसली. ते म्हावरं तिने हौसेने कापलेलं नव्हतं. गणपतीचे दिवस शाकाहारात काढल्यावर धाकूला सुरमई हवी होती आणि ती त्याने स्वतःच बाजारातून आणली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

मंजुळाने बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. ग्रहण सप्टेंबरात. तेव्हा समृद्धीला सातवा संपत आला होता. बाळाचा ओठ जुळतो पोटात दुसऱ्या महिन्यात, टाळू तिसऱ्यात. सोनोग्राफीत दिसलं नाही, कारण बाळ तोंडावर हात घेऊन होतं.

"काकी, तुमच्या गिराणाला यायला पाच महिने उशीर झाला," ती म्हणाली. "तोवर सगळं होऊन गेलेलं."

सखुबाई गप्प बसली, आणि हे त्या घरात क्वचित घडत असे. आवाज बंद झाला म्हणून की काय, धाकू वर आला. काय झालं, असं त्याने विचारलं. दोनच शब्द. पण ते शब्द तोंडातून कमी आणि नाकातून जास्त आले. मंजुळाचे कान टवकारले. असा आवाज ती लहानपणी ठाण्याच्या शिबिरातल्या पोरांत दिवसभर ऐकून आली होती. तिचा स्वतःचा टाळू शाबूत होता म्हणून ती त्यातून सुटली होती. तिने धाकूच्या मिशीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी भरगच्च, पण मधे डावीकडे केस उगवतच नव्हते. शेजारचे केस त्यावरून बेताने वळवून घेतलेले होते. त्याच्या वरची नाकपुडीही जराशी चपटी.

आता खरं तर मंजुळाने निघून जायला हवं होतं. तिने त्याऐवजी समृद्धीकडे बघत, पण आवाज दारापर्यंत जाईल इतका ठेवून, आपलं गणित मांडलं. हजारात एखादं मूल असं होतं. कल्याण-डोंबिवलीत म्हणजे दीड-दोन हजार माणसं झाली. कधी घराण्यात आधी कुणाला असतं, बरेचदा कुणालाच नसतं, आणि कुणाच्या खाण्याकापण्याने होत नाही. बायकांचं दिसून येतं. पुरुषांचं बरं असतं, ते मिशी राखतात.

धाकूचा हात मिशीवर गेला आणि तिथेच थांबला. मग तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी मंजुळा वजन घ्यायला आली तेव्हा धाकू फाटकाजवळ उभा होता. इकडेतिकडे पाहून त्याने तिला नारळाच्या झाडाआड बोलावलं. हजारान एक, हा खरा का, असं विचारलं. खरं, मंजुळा म्हणाली, आणि तुमचं ऑपरेशन कधी झालं तेही विचारून टाकलं. नऊ वर्षांचा असताना, तो म्हणाला. आईने मुंबईला नेलं होतं. एका साहेब डॉक्टराने ओठ शिवला, टाळू तसाच राहिला. आईने गावात सांगितलं की पोरगा मिठागरात फळीवर आपटला. मिसरूड फुटलं तसं त्याने ते वाढवलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, सखूला यातलं काही ठाऊक नाही. सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं, मग पोरं झाली, मग सांगायची वेळ गेली. आणि आता नात अशी जन्मली तर कोणत्या तोंडाने सांगायचं?

"याच तोंडाने," मंजुळा म्हणाली. "दुसरं कुठून आणणार, काका?"

धाकू हसला. त्याला हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. यापुढे तिने त्याला काही सुचवलं नाही. एवढंच म्हणाली की पोरीचं बारसं राहिलंय, ते करा. बिननावाच्या मुलाचं कार्ड भरताना मला त्रास होतो. यात तथ्य नव्हतं. पण सरकारी कागदाचं नाव काढलं की धाकूसारखी माणसं हलतात, हे तिला ठाऊक होतं.

बारसं डिसेंबरात ठरलं, घरच्या घरी, दहा-बारा बायका. सखुबाईने अट घातली की पाळण्यावर जाळी राहील आणि कुणी जवळ जायचं नाही. मंजुळाही आली होती, जरीची साडी नेसून. पाळणा सजला, बायका बसल्या, आणि आतल्या खोलीतून धाकू बाहेर आला. मिशी साफ. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ऊन न लागलेला वरचा ओठ चेहऱ्यापेक्षा दोन छटा गोरा, आणि त्यावर डावीकडे जाड, वाकडा व्रण.

दिपेशने फोन कानावरून खाली घेतला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला. धाकूने पाळण्याची जाळी दूर केली, नातीला उचलून घेतलं आणि बायकांसमोर उभा राहिला.

"ही माजेवर गेली," तो म्हणाला. "म्हावऱ्यान काय नाय झाला."

एवढं मोठं भाषण त्याने आयुष्यात केलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. समृद्धी सासऱ्याकडे बघत राहिली. मंजुळा मात्र सखुबाईकडे बघत होती, तिची फजिती बघायचीच म्हणून ती आली होती. आणि तिला जे दिसलं त्याने तिचीच फजिती झाली. सगळ्या खोलीत आश्चर्य न वाटलेली एकटी सखुबाई होती. ती नवऱ्याचा चेहरा न्याहाळत होती, बऱ्याच वर्षांनी उघडलेल्या ट्रंकेतलं लुगडं नीट आहे ना हे बघावं तशी. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. मंजुळा मागोमाग गेली.

सखुबाई ओट्याला टेकून उभी होती. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यातच कळलं होतं, ती म्हणाली. धाकूला ताप आलेला, गरम पाण्याने तोंड पुसताना मिशी ओली झाली आणि खालचं दिसलं. तो झोपेत असतानाच तिने मिशी परत नीट केली. त्याला सांगायचं नाहीये ना, मग आपल्याला दिसलंच नाही, असं तिने ठरवलं. चारचौघांत बोलताना त्याला अडचण होते हे ओळखून त्याच्या वाट्याचं बोलायला लागली, पुढे तीच सवय झाली. नात जन्मली तेव्हा पुढचं सगळं तिला दिसलं. लोक विचारणार, हे कुणाकडून आलं. शोधाशोध होणार, कुणीतरी म्हातारं धाकूच्या लहानपणाची आठवण काढणार. त्याआधी तिने गिराण पुढे केलं. गिराणाला कुणी उलट विचारत नाही.

म्हणजे बेचाळीस वर्षं तो हिच्यापासून लपवत होता आणि ही त्याच्यापासून. मंजुळाला हसू येत होतं आणि रागही. ती म्हणाली की तुम्ही दोघांनी एकमेकांना फार जपलंत, पण त्याची शिक्षा भोगली समृद्धीने. महिनाभर वरच्या मजल्यावर.

सखुबाईने पदराने तोंड पुसलं, बाहेर गेली आणि समृद्धीचा हात धरून तिला पाळण्याशेजारी मानाच्या पाटावर बसवलं. मुलीचं नाव समृद्धीला विचारून ठेवायचं, असं जाहीर केलं. समृद्धीने नाव ठेवलं अमृता. मग सखुबाईने एकेका बाईला हाताला धरून पाळण्यापाशी आणलं आणि नात दाखवली. ज्या बाईने तोंड वाकडं केलं तिला घुगऱ्या कमी मिळाल्या.

मे महिन्यात अमृताचा ओठ शिवला गेला. टाळूचं ऑपरेशन वर्षाची झाल्यावर करायचं ठरलं. मंजुळा दवाखान्यात दोन दिवस सोबत होती. त्या एका वॉर्डात नऊ मुलं होती, शहापूरची, मुरबाडची, भिवंडीची, एक तर पार जव्हारहून आलेलं. सखुबाई दारातच थबकली. नऊ, ती म्हणाली, पुन्हा मोजली, पुन्हा नऊच भरली. तोपर्यंत तिला वाटत होतं की मंजुळाचं ते हजाराचं गणित सुनेची समजूत काढायला रचलेलं आहे. दुपारपर्यंत तिने नऊच्या नऊ घरांची माहिती काढली होती. जव्हारच्या बाळाची आजी कोपऱ्यात पदर ओढून बसली होती, ग्रहणात मी सुनेला आवरायला हवं होतं म्हणत. सखुबाई तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तिला महिने मोजायला लावले. दुसरा कुठला, तिसरा कुठला, आणि गिराण कवा. धाकू दाराशी गुळगुळीत चेहऱ्याने उभा होता. सखुबाईने पुरावा म्हणून त्यालाही बोलावून घेतलं, उजेडाकडे तोंड करायला लावलं. त्या म्हातारीने चष्मा लावून त्याचा ओठ बारकाईने पाहिला. धाकू लाजला, पण हलला नाही.

मिशी त्याने परत ठेवली नाही. आता तो ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी थोडंफार बोलतो. शब्द अजून नाकातूनच येतात, आणि सखुबाई त्याचं बोलून होईपर्यंत थांबते. निदान प्रयत्न करते.

जूनमध्ये एका दुपारी मंजुळा लसीकरणाच्या कामात होती, तेव्हा सखुबाईचा फोन आला. टिटवाळ्याला तिच्या भाचीच्या शेजारात एक बाळंतीण आहे. विचारलं तर माहेरी गेली म्हणतात. माहेर त्याच इमारतीत आहे. सखुबाई म्हणाली की ती फाटकाशीच उभी आहे आणि तिने त्या घरात सांगितलंय की ती पाण्याचं मीटर बघायला आली. आता मीटर कुठे असतं, तेवढं मंजुळाने पटकन सांगावं.